राखाडीला रंग चढतो तेव्हा

वारणेच्या खोऱ्यातल्या आमच्या कोडोलीत ब्रोमाइड कागदावरचा जुना फोटो घेऊन ‘असाच काळा-पांढरा काढून द्या’ म्हणणारी माणसं पुष्कळ. इंकजेट प्रिंटरवर ते काम करता करता जे उमगलं, ते हे.

१. काळा-पांढरा फोटो रंगीतपेक्षा अवघड. साडी जराशी निळसर आली तर कुणी बोलत नाही. राखाडीत तेवढाच निळा शिरला, तर फेट्यातले आजोबा आजारी दिसतात.

२. ब्रोमाइडमध्ये काळा नि राखाडी एकाच चांदीचे असतात. चांदी दाट तिथं गडद, विरळ तिथं फिकं. सहा शायांच्या साध्या प्रिंटरमध्ये काळी शाई एकच. मधले राखाडी निळी, गुलाबी, पिवळी मिसळून बनतात. त्यातली एक कुठं किंचित कमी, कुठं जास्त पडली की सावल्या हिरवट आणि कपाळ गुलाबी. नुसत्या काळ्या शाईवर छापावं, तर उजळ भागात ठिपके दिसतात. २००५ मध्ये एप्सननं के-थ्री शाया आणल्या, काळीच्या जोडीला दोन फिकट काळ्या. त्या का हव्या होत्या, हे मला हिरवट सावल्यांनी शिकवलं.

३. राखाडी नुसता कागदावर नसतो, उजेडातही असतो. खिडकीपाशी निर्मळ दिसलेली प्रिंट घरच्या दिव्याखाली तांबूस होते, कारण मिसळलेल्या शाया प्रत्येक उजेडात वेगळ्या वागतात. चांदीला हा त्रास फारसा नाही. म्हणून आता आधी विचारतो, फोटो लावणार कुठं?

४. कागद फार पांढराशुभ्र असला की मला धास्ती वाटते. त्यातली चमक आणणारी द्रव्यं दिवसाउजेडी निळसर झाक देतात, आणि काही वर्षांनी ती ओसरली की कागद पिवळा पडतो. शिवाय शाई वाळता वाळता छटा सरकते. आमच्याकडे पावसाळ्यात तर दुसऱ्या दिवशीच निवाडा करावा.

५. सातत्य शिस्तीनंच येतं. कागद तोच, शाई तीच, सेटिंग तेच. आधी शाईची छिद्रं मोकळी आहेत ना, ते पाहणारी नोझल चेक, आणि प्रत्येक खेपेला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची राखाडी पट्टी छापून अंधारात जपलेल्या जुन्या पट्टीशेजारी धरायची. अगदी तटस्थ राखाडी हाती येईना, तर सगळीकडे सारखी, किंचित उबदार छटा मी पसंत करतो. जुने ब्रोमाइडही पुष्कळदा तसेच असत. वाटण्या झालेल्या भावांच्या घरी वडिलांच्या प्रती जातात. त्या कधी शेजारी ठेवल्या गेल्या, तर एकाच्या घरचे वडील निळे आणि दुसऱ्याच्या घरचे तांबूस दिसता कामा नयेत.