दोन्ही प्रती एकाच पाण्यात

सुरतेत रुग्णालयाचे सर्व्हर सांभाळणाऱ्याला तापीवरच्या उकाई धरणाची पातळी फुटांत तोंडपाठ असावी लागते. ३४५ फूट म्हणजे धरण भरलं. धरणाच्या वर, शहादा-प्रकाशाकडे पावसाने धरलं की नातेवाइकांचे फोन येतात आणि आम्ही डिझेलचा साठा बघायला उठतो. शहरातली लिंबायतची मिठी खाडी तर भरायला उकाईची वाटही बघत नाही.

ही सवय ऑगस्ट २००६ ने लावली. शंभरेक किलोमीटर वरून सोडलेलं पाणी शहराच्या बहुतांश भागात शिरलं तेव्हा मी एका ट्रस्टच्या रुग्णालयात संगणक विभागात होतो. सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर, अगदी कोरडा. पण जनरेटर, मुख्य पॅनेल आणि डिझेलची पिंपं तळमजल्यावर. यूपीएस थोडा वेळ किंचाळला आणि गप्प झाला. पाणी ओसरल्यावर वीज आली, गेली, पुन्हा आली. त्या ये-जामध्ये डिस्कने मान टाकली. तरी धीर होता, कारण बॅकअपची टेप नियमाप्रमाणे बाहेर ठेवलेली होती. बाहेर म्हणजे हिशेबनिसांच्या घरी, नदीपलीकडे अडाजणला, तळमजल्यावर. टेपच्या डबीतून गाळ निघाला. रक्तपेढी आणि प्रयोगशाळेच्या हाताने लिहिलेल्या वह्या वरच्या मजल्यावर होत्या म्हणून निभावलं.

कागदोपत्री सगळं चोख होतं: दोन वीजस्रोत, दोन प्रती. तेव्हापासून कुठल्याही आराखड्यात ‘दोन’ दिसलं की मी विचारतो, दोन्ही एकदम कशाने जातील?

दोन कंपन्यांच्या इंटरनेट लाइनचंच घ्या. दोघांची केबल एकाच चरातून येत असेल तर मेट्रोच्या खोदकामातला एक जेसीबी पुरेसा आहे. नकाशावर विसंबू नका. कंपनीच्या माणसाला घेऊन गेटपासून चौकापर्यंत चालत जा आणि केबल कुठे जमिनीत शिरते ते डोळ्यांनी बघा. जनरेटर उंचावर चढवला असेल तर सर्व्हर रूमचा एसीही त्याच्यावर आहे ना, तेही बघा. नसला तर मे महिन्यात वीज असूनही मशीन तापून बंद पडतं. आणि बॅटऱ्या वेगळ्या खोलीत हव्यात. दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये लिथियम बॅटऱ्या हलवण्याच्या कामात आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचं ८५८ टेराबाइटचं कोठार त्यात गेलं. एवढ्या मोठ्या साठ्याची बाहेर प्रतच नव्हती.

आमची एक प्रत आता तापीच्या खोऱ्याबाहेर असते. पण ती एकटी पुरत नाही. दोन टेराबाइट माहिती १०० एमबीपीएसच्या लाइनवरून परत उतरवायला जवळजवळ दोन दिवस लागतात, म्हणून एक प्रत इमारतीतच, वरच्या मजल्यावर.

पुरापेक्षा हल्ली मला भीती वाटते ती पासवर्डची. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि नोंदणी पुन्हा कागदावर आली. नेटवर्कची नीट विभागणी नव्हती, असं सरकारने संसदेत सांगितलं. रुग्णालयात ही विभागणी कटकटीची असते. रक्त तपासणारं मशीन जुन्या विंडोजवर चालतं आणि पुरवठादार अपडेटला हात लावू देत नाही. त्याला वेगळ्या नेटवर्कमध्ये कोंडा. फक्त रिपोर्ट पाठवण्यापुरती वाट ठेवा. बॅकअपच्या मशीनचं खातं आणि पासवर्ड बाकी सर्व्हरपेक्षा निराळे हवेत. एक प्रत अशी हवी, जी ठरावीक मुदतीत प्रशासकालाही पुसता येणार नाही. एकच पासवर्ड दोन्हीकडे चालत असेल तर अडाजणच्या टेपपेक्षा तुमची स्थिती काही वेगळी नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावं लागतं आणि १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. सगळ्या मशीनची घड्याळं जुळलेली नसतील तर त्या लॉगचा काही उपयोग नाही.

ट्रस्टी विचारतात, रिकाम्या बसलेल्या मशीनवर एवढा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर संगणक विभागाने देऊ नये. प्रत्येक विभागप्रमुखाला विचारा, तुमचं किती वेळ अडून चालेल? रक्तपेढी मिनिटांत उत्तर देते, कँटीन म्हणतं आठवडाभर वहीवर लिहू. या यादीवरून खर्च ठरवला की तो बऱ्याचदा कमीच होतो.

‘बॅकअप झाला’ ही हिरवी खूण मी मोजत नाही. दुसऱ्या मशीनवर सगळं परत उभं करायचं आणि कालचा रिपोर्ट प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाने उघडून दाखवायचा. सर्व्हरचा जाणकार रजेवर असताना हे जमलं तर खरं. आमच्याकडे जाणकार दोघे, दोघेही खानदेशचे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दोघांनाही गावी जायचं असतं. रजा एकालाच मिळते.