दादरहून काय न्यावे, तिकडे काय घ्यावे: किरकोळ गृहसाहित्याचा हिशेब

गिरगाव, दादर, परळ किंवा लालबागमधले घर परदेशी निघाले, की शेवटच्या महिन्यात नातेवाइकांच्या भेटी सुरू होतात. मावशी मिक्सर देते, काका इस्त्री आणतात, शेजारच्या काकू भाताचा कुकर पुढे करतात. न्यू जर्सी, लंडन आणि म्युनिकमध्ये आता रुळलेल्या मराठी कुटुंबांशी बोलून हे टिपण केले आहे. त्यांचे सांगणे स्पष्ट आहे: विजेची वस्तू शक्यतो तिकडे घ्या, मुंबईत पैसे खर्चायचे तर बिनविजेच्या वस्तूंवर खर्चा.

कारण सरळ आहे. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिका-कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इथली १५०० वॅटची किटली तिथे लावली तर तिला मूळ शक्तीच्या जेमतेम सव्वीस-सत्तावीस टक्के मिळतात, म्हणजे चहाच्या पाण्याला जवळपास चौपट वेळ. मिक्सरला व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि मोटर सुरू होताना जास्त करंट ओढते, म्हणून तो मिक्सरच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा लागतो. तो जड असतो आणि ओट्यावरची जागा खातो. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत ११० व्होल्टवर चालणारे, वाटणाच्या आणि चटणीच्या भांड्यांसकट मिक्सर मिळतात. भेट द्यायचीच असेल तर मावशीने त्याचे पैसे द्यावेत. ब्रिटन, जर्मनी, दुबईत वीज आपल्यासारखीच आहे, फक्त पिना वेगळ्या: ब्रिटन-दुबईत चौकोनी तीन, जर्मनीत गोल दोन. तिथे मिक्सर नेता येतो, मात्र कंपनीची हमी बहुधा भारतापुरतीच असते, हे दुकानदाराला आधीच विचारा. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर १००–२४० व्होल्ट छापलेले असते. त्यांना फक्त पीन बदलून चालते. ती लोहार चाळीत घ्या, विमानतळावर नको.

आता जे न्यायचे त्याबद्दल. पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, मोदकपात्र, अप्पेपात्र, मिसळणाचा डबा, खवणी, झारा, लहान विळी. यातले बरेच अमेरिकेतही मिळते, पण निवड कमी आणि किंमत जास्त. पायधुनीच्या तांबाकाट्यावर आणि भुलेश्वरच्या आसपास पितळ-तांबे वजनावर मिळते, वर मजुरी. स्टीलसाठी दादर पश्चिमेची दुकाने पुरेशी आहेत. जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवा. परदेशातल्या अनेक घरांत शेगडी गॅसची नसते, काच बसवलेली सपाट शेगडी असते. ती इंडक्शनची असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. भांडे उलटे करा, बुडाला चुंबक लावा. घट्ट चिकटला तर घ्या, घसरला तर ठेवून द्या. बूड सपाट हवे. आपली गोल बुडाची कढई काचेवर डुगडुगते आणि तळण मधोमधच जळते. कुकरबरोबर दोन जादा गास्केट आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे घ्या; तिकडे नेमक्या मापाचे मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

सगळे अखेर वजनावर येऊन थांबते. अनेक विमान कंपन्यांची अमेरिकेची मर्यादा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा, तीही तिकिटागणिक बदलते. त्यात लालबागला कुटून घेतलेला वर्षाचा मसालाही बसवायचा असतो. कुकर रिकामा नेऊ नका, त्यात डाळीचे डबे भरा. विळी आणि सुऱ्या चेक-इनच्या बॅगेत, पाते जाड पुठ्ठ्यात गुंडाळून. हातातल्या बॅगेत त्या चालत नाहीत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी लाकडी पोळपाट-लाटणे, रवी हे सगळे फॉर्मवर लिहायचे. पीठ लागलेले लाटणे तर स्वच्छ घासून, वाळवूनच न्या.

खरी खर्चाची जागा तिकडे पोचल्यावरच कळते. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या घरखर्च पाहणीत किरकोळ गृहसाहित्याचा वेगळा रकाना आहे. दिवे, घड्याळे, हत्यारे, प्रवासी बॅगा असे काहीबाही त्यात येते. नवीन घराचे पैसे याच रकान्यात झिरपतात. न्यू जर्सीच्या भाड्याच्या घरात शेगडी आणि फ्रिज बहुतेक वेळा असतात, पण दिवाणखान्याच्या छताला दिवाच नसतो. भिंतीवरचे बटण एका सॉकेटचे असते, त्यात उभा दिवा लावायचा. जर्मनीत त्याहून कठीण: पुष्कळ घरे स्वयंपाकघराविना भाड्याने मिळतात, सिंक-कपाटेसुद्धा नाहीत, छतातून नुसत्या वायरी लोंबतात. आधीचा भाडेकरू त्याचे स्वयंपाकघर विकायला तयार असतो. किंमत लेखी घ्या, आणि घर नक्की करण्याआधीच विचारा.

शिवाय अमेरिकेत चिठ्ठीवरची किंमत कराविना असते. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के वर लागतात. ओरेगॉनमध्ये विक्रीकरच नाही. ब्रिटनमध्ये २० टक्के आणि जर्मनीत १९ टक्के कर किमतीतच असतो. प्रत्येक बादलीचा रुपयांत गुणाकार करू नका. पहिल्या महिन्यात त्या गुणाकाराने लोक गादी घेत नाहीत आणि जमिनीवर झोपून पाठ धरून बसतात.

जुनी टेबले, खुर्च्या, कपाटे बिनदिक्कत घ्या. विद्यापीठांच्या गावांत जुलै-ऑगस्टमध्ये घरे बदलतात, तेव्हा चांगले सामान फुकट निघते. जुनी गादी मात्र घेऊ नका. ढेकूण काय करतात हे चाळीत वाढलेल्यांना सांगायला नको, आणि तिकडे ते घालवण्याचा खर्च गादीच्या कितीतरी पट होतो.

फोडणीच्या धुराने धुराचा अलार्म वाजतो, म्हणून तो काढू किंवा झाकू नका. तो जीव वाचवतो. एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा, फोडणी मंद आचेवर करा.

लहान मूल असेल तर गाडीतली त्याची खुर्ची ही पहिली खरेदी. ती अमेरिकेच्या सर्व राज्यांत कायद्याने लागते, आणि त्या देशाच्या प्रमाणाचीच हवी. भारतातून नेलेली तिथे ग्राह्य नसते. या एका वस्तूत पैसे वाचवू नका: ओळखीच्या घरातली असली तरी अपघातातून गेलेली, किंवा खाली छापलेली मुदत संपलेली खुर्ची घेऊ नका. विमानतळावर न्यायला येणाऱ्यांना ती आधी घेऊन ठेवायला सांगा, कारण मुलाला पहिल्या प्रवासापासूनच तीत बसवायचे असते.