जाळ्याचं शिसं चुलीवर नको



खाडीकाठच्या गटांना शिसं नवीन नाही. पागाच्या कडेला ओवलेले मणी शिशाचेच. बंदुकीच्या छऱ्यातही तेच असतं. या अंकात त्याचा धोका समजून घेऊ.

पाखरांचं काय होतं?
हंस, बदकं दाणा दळायला बारीक खडे गिळतात. सोबत छरे किंवा गळाचं शिसं गेलं की ते पोटात झिजतं आणि विष रक्तात भिनतं. ब्रिटनमध्ये हंस असे मरू लागले, म्हणून १९८७ मध्ये गळाच्या लहान शिशांच्या विक्रीवर बंदी आली. नंतर हंस पुन्हा वाढले. कॅलिफोर्नियात गोळीचे कण असलेलं मांस खाऊन गिधाडं मरतात. तिथे २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही.

आपल्या घरात काय होतं?
शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे चुलीवरही. भंगारातलं शिसं वितळवून मणी ओतले की वाफ आणि धूळ घरभर बसते. रांगणारं मूल जमिनीवर हात टेकतं, तोच तोंडात घालतं. मोठ्यांपेक्षा मुलांच्या अंगात शिसं चार-पाच पट जास्त मुरतं आणि मेंदूची वाढ खुंटते. बाईच्या हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणात बाळाकडे जातं. अंगात लोह, कॅल्शियम कमी असेल तर ते आणखी मुरतं. पोटदुखी, बद्धकोष्ठता, चिडचिड, पंडुरोग ही लक्षणं आपण जंत किंवा नजर म्हणून सोडून देतो.

काय करायचं?
- घरात, अंगणात शिसं वितळवायचं नाही. तयार मणी घ्या. गटाने एकत्र घेतले तर स्वस्त पडतील.
- मणी दाताने दाबू नका.
- जाळं शिवताना खाणं-पिणं नको. नंतर साबणाने हात धुवा.
- शिशाच्या भांड्यात पुन्हा स्वयंपाक नको.
- धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.
- घरात हे काम झालं असेल आणि मूल किंवा गरोदर बाई असेल, तर आशाताईंना, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. रक्त तपासल्यावर कळतं.

घरी उत्तर मिळेल, “आजोबांपासून करतोय, काय झालं?” भांडू नका. धंदा बंद करा असं आपण म्हणतच नाही, फक्त शिसं चुलीवरून हलवा म्हणतोय.

बैठकीत बोला: आपल्या गटात किती घरी शिसं वितळवतात? तयार मण्यांची मागणी किती निघेल?

– तुमची क्षेत्र समन्वयक