आतड्यातील जीवाणू आणि नवजात अर्भकांचे आरोग्य

जीवाणू म्हणजे रोग, हे समीकरण अपुरे आहे. मानवी आतड्यातील असंख्य जीवाणू अन्नातील तंतूंचे विघटन करतात, के जीवनसत्त्व तयार करतात आणि रोगजंतूंना जागा व पोषण मिळू देत नाहीत. रोग टाळण्यासाठी या जीवाणूंचा उपयोग होऊ शकतो काय? याचे एक महत्त्वाचे उत्तर ओडिशाच्या ग्रामीण भागातून मिळाले आहे.

प्रथम संज्ञा पाहू. पुरेशा मात्रेत दिल्यास आरोग्यास लाभदायक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे ‘प्रोबायोटिक’. अशा जीवाणूंचे पोषण करणारा घटक म्हणजे ‘प्रिबायोटिक’. दोहोंच्या मिश्रणास ‘सिनबायोटिक’ म्हणतात.

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत अर्भकाच्या आतड्यात जीवाणूंची वस्ती होऊ लागते. याच काळात घातक जंतूंचा संसर्ग शरीरभर पसरल्यास सेप्सिस होऊन बालक दगावू शकते. त्यावर प्रतिजैविके दिली जातात. परंतु अनेक जंतू आता त्यांना दाद देत नाहीत. त्यामुळे प्रतिबंधाचे महत्त्व वाढले आहे.

डॉ. पिनाकी पाणिग्राही व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशातील खेड्यांमध्ये ४,५५६ नवजात अर्भकांवर चाचणी केली. एका गटास ‘लॅक्टोबॅसिलस प्लँटारम’ हा जीवाणू व फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड ही शर्करा यांचे मिश्रण सात दिवस तोंडावाटे दिले. दुसऱ्या गटास औषधी गुण नसलेले द्रव्य दिले. साठ दिवसांच्या निरीक्षणात सेप्सिस किंवा मृत्यूचे प्रमाण दुसऱ्या गटात ९ टक्के, तर पहिल्या गटात ५.४ टक्के आढळले. म्हणजेच धोका सुमारे ४० टक्क्यांनी घटला. श्वसनमार्गाच्या खालच्या भागातील संसर्गही कमी झाले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

तथापि, या निष्कर्षाची मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. चाचणीतील बालके किमान २,००० ग्रॅम वजनाची आणि जन्मतः निरोगी होती. अकाली जन्मलेल्या बालकांमध्ये हेच जिवंत सूक्ष्मजीव गंभीर संसर्ग घडवू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये दिला. शिवाय जीवाणूचा एक वाण उपयुक्त ठरला म्हणून त्याच नावाने विकले जाणारे प्रत्येक उत्पादन गुणकारी ठरत नाही. वाण, मात्रा आणि वयोगट या तिन्हींची स्वतंत्र कसोटी आवश्यक असते.

मातेच्या दुधात उपकारक जीवाणूंचे पोषण करणाऱ्या शर्करा निसर्गतःच असतात. म्हणून जन्मानंतर तासाभरात स्तनपान, स्वच्छ प्रसूती आणि हातांची स्वच्छता हे बालमृत्यू रोखण्याचे मूलभूत उपाय होत. जीवाणू-उपचार त्यांना पूरक ठरू शकतो, पर्याय नव्हे.