‘जंक्शन’ शब्दाचा अर्थ व योग्य उपयोग

आगगाडीबरोबर जे इंग्रजी शब्द आमच्या खेड्यापाड्यांत आले, त्यांपैकी ‘जंक्शन’ हा एक होय. त्याचा अर्थ ‘मोठे स्टेशन’ असा पुष्कळांचा समज आहे. आणि मग जेवण जंक्शन, बैल जंक्शन, भांडणही जंक्शन! बोलण्यात ही गंमत चालेल. परंतु लिहिताना व दुसऱ्यास शिकविताना ती चालू नये, असे आम्हांस वाटते.

होटगीचेच पाहा. सोलापूर शहरापुढे हे गाव ते केवढे? तथापि त्याच्या स्टेशनास जंक्शन म्हणतात. उलटपक्षी मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस एवढे अफाट, पण त्यास कोणी जंक्शन म्हणत नाही. कारण तेथे मार्ग संपतो, आणि ‘टर्मिनस’ म्हणजे शेवट. मुंबईकडून येणारा लोहमार्ग 1860 साली सोलापुरास पोहोचला व 1871 साली रायचुरास मद्रासकडील मार्गास मिळाला. पुढे 1884 साली होटगीपासून विजापूर व बागलकोट यांवरून गदगपर्यंत दुसरा मार्ग झाला, तेव्हा होटगी हे जंक्शन झाले. गाव वाढले म्हणून नव्हे, तर दोन मार्ग तेथे जोडले गेले म्हणून. हाच त्या शब्दाचा खरा अर्थ: जोड, सांधा.

कित्येक म्हणतात की, जेथे गाडी बदलावी लागते ते जंक्शन. हेही बरोबर नाही. गदगचा मार्ग मीटर रुंदीचा व मुंबईचा त्याहून रुंद असल्यामुळे पूर्वी एका मार्गाचे डबे दुसऱ्यावर जात नसत, आणि उतारूंस गाडी बदलणे भाग पडे. या शतकाच्या आरंभी गदगचा मार्गही रुंद करण्यात आला व गाड्या सरळ जाऊ लागल्या. तरी होटगी जंक्शनच राहिले.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे, आणि बैलाच्या मानेवर आपण ठेवतो ते ‘जू’ त्याच कुळातले. संस्कृत ‘युग’ व ‘योग’ हेही त्याचेच भाऊबंद. इंग्रजी व्याकरणात दोन वाक्ये जोडणाऱ्या ‘आणि’, ‘परंतु’ अशा शब्दांस ‘कंजंक्शन’ म्हणतात, तेही येथूनच निघाले.

परंतु याच कुळातला एक शब्द असा आहे की, तो न समजल्यास शेतकऱ्याचे मोठे नुकसान होते. तो म्हणजे ‘इंजंक्शन’. याचा मूळ अर्थ लादणे; मानेवर जू ठेवावे तशी आज्ञा घालणे. दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम तो हा. जमिनीच्या तंट्यात असा हुकूम निघाला की, ज्यास मनाई झाली त्याने ते कृत्य करू नये. उच्चार जवळचा म्हणून कोणी त्यास ‘इंजेक्शन’ म्हणतात; पण तो सुईचा शब्द निराळ्या धातूपासून, फेकणे या अर्थाच्या, आला आहे. नावाचे हसू होवो, हुकमाचे होऊ नये. तो मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते व त्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगातही ठेवता येते. म्हणून असा कागद हाती येताच वकिलाकडून तो मराठीत समजून घ्यावा: मनाई कोणास आहे, कोणत्या गट नंबरास आहे, काय करण्यास आहे, आणि कोणत्या तारखेपर्यंत आहे.