डेंग्यू एकदा होऊन गेला, तरी निर्धास्त राहू नका



"आमच्या घरी मागच्या वर्षी डेंग्यू होऊन गेला, आता पुन्हा होणार नाही." ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वस्त्यांत माहिती सांगायला गेलो की हे वाक्य आम्हाला हमखास ऐकायला मिळते. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, म्हणून लोकांना तसे वाटते. डेंग्यूचे मात्र वेगळे आहे.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि भारतात चारही सापडतात. एका प्रकाराची लागण झाली की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्या एका प्रकारापासून संरक्षण बहुधा जन्मभर टिकते. उरलेल्या तीन प्रकारांपासून ते काही महिनेच मिळते. म्हणजे एकाच माणसाला डेंग्यू पुन्हा होऊ शकतो.

दुसऱ्या वेळी धोका जास्त का? जुनी प्रतिपिंडे नव्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला मारू शकत नाहीत. उलट त्यांच्या आधाराने विषाणू पेशींमध्ये सहज शिरतो आणि झपाट्याने वाढतो. मग रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते, रक्तदाब कोसळतो. १९६०च्या दशकात बँकॉकमध्ये डॉ. स्कॉट हॉलस्टेड यांनी गंभीर डेंग्यूच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना ही दुसरी लागण असल्याचे दिसले. दुसऱ्या वेळी प्रत्येक जण गंभीर होतो असे नाही, आणि पहिल्या वेळीही कुणी गंभीर होऊ शकतो. म्हणून घाबरू नका, पण सावध राहा.

तान्ह्या बाळांकडेही लक्ष द्या. आईला पूर्वी डेंग्यू झाला असेल तर तिची प्रतिपिंडे बाळाला मिळतात. सुरुवातीचे काही महिने ती राखण करतात. पुढे ती कमी झाली की पहिलीच लागण बाळाला जड जाऊ शकते.

रिपोर्ट जपून ठेवा. ताप आल्यावर पहिल्या पाच दिवसांत 'एनएस-१' आणि त्यानंतर 'आयजीएम' तपासणी उपयोगी पडते. नुसते 'आयजीजी' पॉझिटिव्ह असेल तर ती जुन्या लागणीची खूणही असू शकते. आयजीएम तपासणीचे किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तयार करते. ते सरकारी कार्यक्रमातून ठरावीक केंद्रांना मोफत मिळते. खाजगी लॅबमध्ये पैसे भरण्याआधी महापालिकेच्या दवाखान्यात चौकशी करा. "याला आधी डेंग्यू झाला होता" हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

ताप उतरला म्हणजे आजार संपला असे नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, आणि खरा धोका तेव्हाच असतो. रोजंदारी बुडते म्हणून आपली माणसे नेमकी त्याच दिवशी कामाला निघतात. असे करू नका. पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, काळी शौच, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, फार सुस्ती किंवा तगमग, यांपैकी एकही लक्षण दिसले तर लगेच रुग्णालय गाठा. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालये आपल्या जवळ आहेत.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही योग्य प्रमाणात. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ओआरएस, ताक, पेज, नारळपाणी थोडेथोडे देत राहा. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून दवाखाना टाळू नका.

नळाला पाणी कमी वेळ येते, म्हणून आपल्याला पिंप भरून ठेवावे लागते. हा डास त्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. पिंपाला घट्ट झाकण लावा किंवा फडके बांधा. आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामे करून आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात.

वर्षावास आणि डेंग्यूचा हंगाम एकाच वेळी येतात. या काळात विहारात जमाल तेव्हा ही माहिती सर्वांना वाचून दाखवा. ज्या घरात पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे, त्या घरी ती आधी पोहोचवा.