सायली, ते नाक जरा बाजूने बघ

सायली, तू पाठवलेले फोटो बघितले. पांढरंशुभ्र, गुबगुबीत पर्शियन मांजराचं पिल्लू, बघताक्षणी उचलून घ्यावं असं. आणि खाली ते विकणाऱ्या माणसाचे भाव: डॉल फेसला एक, सेमी पंचला त्याहून जास्त, पंच फेसला सगळ्यात जास्त. म्हणजे नाक जितकं आत, तितका भाव वर. पैसे काढण्याआधी एवढं नीट समजून घे.

तो चेहरा आपल्याला का भुलवतो, ते कोनराड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने 1943 मध्येच मांडून ठेवलंय. मोठं कपाळ, टपोरे डोळे, फुगीर गाल, इवलंसं नाक. तान्ह्या बाळाचं रूप दिसलं की आपल्याला माया येते. त्यात तुझं काही चुकत नाही गं. फक्त विकणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं.

1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं प्रदर्शन भरलं, त्या काळच्या पर्शियन मांजरांना चांगलं ठळक दिसेल असं नाक होतं. ते आत गेलं विसाव्या शतकात, कारण माणसं पिढ्यान् पिढ्या चपट्या तोंडांच्याच जोड्या लावत गेली. आता कवटी आखूड झाली म्हणून आतलं सामान थोडंच कमी होतं? वाड्यातलं सगळं फर्निचर वन रूम किचनमध्ये कोंबावं तशी गत. दात तितकेच, पण जागा नाही, म्हणून वेडेवाकडे. डोळ्यांतलं पाणी नाकात उतरायची नळी मुरडते, मग ते सतत गालावर ओघळतं, तपकिरी डाग पडतात, चेहऱ्याच्या घडीत ओल राहून कातडी चिघळते. डोळे बाहेर आल्यामुळे त्यांना जखमा लवकर होतात. नाकपुड्या म्हणजे नुसती फट. रीलमध्ये घोरणारं मांजर बघून आपण हसतो, पण ते तिथे श्वासासाठी झगडत असतं.

कुत्र्यांचंही तेच. हच मोबाइलची ती चपट्या तोंडाच्या पग कुत्र्याची जाहिरात आठवते? तिच्यानंतर पग घरोघरी आले. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं, आणि पगची ती वाटच अरुंद. वर आपला मे महिना!

कान दुमडलेली स्कॉटिश फोल्ड मांजर तर मला बघवतच नाही. ज्या जनुकामुळे कानाची कूर्चा वाकते, त्यामुळेच सांध्यांची हाडं-कूर्चाही बिघडतात. म्हणजे आपल्याला आवडलेला तो कान हेच आजाराचं लक्षण.

कायदा आहे ना, असं तू म्हणशील. नॉर्वेत कॅव्हेलियर किंग चार्ल्स कुत्र्यांची पैदास कोर्टाने बेकायदा ठरवली, नेदरलँड्समध्ये फार आखूड तोंडाच्या कुत्र्यांच्या जोड्या लावायला बंदी आहे. आपल्याकडे 2017 चे नियम आहेत. ब्रीडरने नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. पण ते कुत्र्यांपुरते. मांजराच्या नाकाची काळजी तुझी तुलाच घ्यावी लागणार.

पर्शियनच हवी असेल, तर समोरून काढलेल्या फोटोवर जाऊ नकोस. बाजूने बघ. नाकाची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेपेक्षा वर गेली, तर ब्रिटनच्या प्रदर्शनातसुद्धा तो दोष धरतात. पिल्लाची आई बघायला माग, तीही तिच्या राहत्या जागेत. 'ती गावाला आहे' असं उत्तर आलं की तिथून निघायचं. आईबापांचा पीकेडीचा रिपोर्ट माग. हा मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार, पर्शियनमध्ये बराच दिसतो. आईबापांपैकी एकाकडून जरी तो जनुक आला तरी पुरे, आणि त्रास बहुतेकदा पिल्लू चांगलं मोठं झाल्यावर कळतो. जनुकाची तपासणी होते, त्यामुळे 'आमच्याकडे असलं काही नसतं' हे उत्तर चालवून घेऊ नकोस.

आणि एक, पिंजऱ्याच्या कोपऱ्यातलं मलूल पिल्लू बघून 'याला तरी सोडवू' असं मनात येईल. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू पैसे मोजलेस की त्या माणसासाठी ती विक्रीच, आणि त्याच आईकडून पुढची पिल्लं घेतली जातात. सोडवायचंच असेल तर लोकांनी वर्षभरात कंटाळून सोडून दिलेल्या पर्शियन मांजरांना घर दे. दत्तक देणाऱ्यांकडे त्या हमखास येतात. रोज चेहरा पुसणं, केस विंचरणं आणि डॉक्टरांचा खर्च मात्र धरून चाल. नाहीतर आपल्या सोसायटीतली करडी मांजरी परत व्यायलीय. तिची पिल्लं दोन महिन्यांची झाली की एक घेऊन ये, लसी आणि नसबंदीच्या ऑपरेशनचा खर्च माझ्याकडून. घरी आईची केसांवरून कुरकुर होणारच, मांजर कुठलंही आण. तिला मी बघते.